सोळा पायऱ्यांवरचे दहा राग : एका सिंथेसायझरवादकाची गोष्ट

१/
सोलापूरच्या मागावर जॅकार्ड चादर विणली जात असताना मागाच्या माथ्यावर पुठ्ठ्याच्या कार्डांची एक माळ संथपणे फिरत असते. कार्डाला जिथे भोक आहे तिथे सुई आत शिरते आणि तिच्याशी जोडलेला उभा धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. माळ संपली की पुन्हा पहिले कार्ड येते आणि तीच नक्षी पुन्हा उमटते. १९८२ साली मुंबईतील एका वादकाने ध्वनिमुद्रिका काढली, ती याच तत्त्वावर उभी होती. धाग्यांच्या जागी तिथे स्वर होते, एवढाच फरक. त्या मुद्रिकेची आणि त्या वादकाच्या यंत्रांची ही कथा. #थ्रेड

२/
मुद्रिकेचे नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’. प्रकाशक एचएमव्ही, वादक चरणजित सिंग. राग दहा : भैरवी, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. साथीला तबलजी नाही. तालाचे काम एका यंत्राकडे, खर्जाची ओळ दुसऱ्याकडे आणि रागाची सुरावट तिसऱ्याकडे. ही तीनही यंत्रे जपानच्या रोलँड कंपनीची आणि ती चालवणारा माणूस एकच. मुद्रिका बाजारात आली, फारशी खपली नाही आणि विस्मृतीत गेली. वीस वर्षांनी मात्र तिने जगभरच्या संगीत-अभ्यासकांपुढे एक अवघड प्रश्न उभा केला.

३/
चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदातील वादक होते. बेस गिटार, हवाईयन गिटार आणि कळफलकाची वाद्ये ते वाजवत. त्या काळातील मोठ्या संगीतकारांच्या ध्वनिमुद्रणांत त्यांचा सहभाग असे. पण चित्रपटाच्या तबकडीवर नाव छापले जाई ते गायकाचे, गीतकाराचे आणि संगीतकाराचे. वादकाला दिवसाचे मानधन मिळे, नाव मिळत नसे. लाखो लोकांनी ज्यांचे वादन आयुष्यभर ऐकले, पण ज्यांना कधी ओळखले नाही, अशा शेकडो कलावंतांपैकी ते एक होते. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली, तर स्वतःच्या नावाने, स्वतःच्या यंत्रांवर एक संपूर्ण मुद्रिका करावीशी वाटणे किती स्वाभाविक होते, हे उमगते.

४/
विद्युत-वाद्ये तोवर भारताला नवी नव्हती. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातील पुंगीचा प्रसिद्ध आवाज पुंगीचा नव्हताच. तो क्लॅव्हिओलीन नावाच्या फ्रेंच विद्युत-वाद्यावर वाजवलेला होता. वाजवणारे होते कल्याणजी वीरजी शहा, जे पुढे कल्याणजी-आनंदजी या जोडीमुळे घरोघरी पोहोचले. पुढे सत्तरच्या दशकात केरसी लॉर्ड या पारशी वादकाने मूग सिंथेसायझर मुंबईच्या स्टुडिओत आणला. म्हणजे चरणजित सिंग यांच्या आधी या वाटेवरून माणसे चाललेली होती. फरक असा, की तोवर हे आवाज गाण्याला अधूनमधून लावलेल्या झालरीसारखे वापरले जात.

५/
एक वाट मुंबईबाहेरही होती. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनिक संगीताचा एक स्टुडिओ उभा राहिला. त्यात मूग सिंथेसायझर होता. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशा काही जणांनी तिथे प्रयोग केले. तो उपक्रम काही वर्षांतच थांबला आणि ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. अलीकडे पॉल पर्गस या संशोधकाने त्या उजेडात आणल्या. म्हणून ‘भारतातील पहिले इलेक्ट्रॉनिक संगीत’ हा किताब १९८२ च्या मुद्रिकेला देता येत नाही. तिचे महत्त्व वेगळ्या ठिकाणी आहे.

६/
अ‍ॅनालॉग सिंथेसायझर म्हणजे नेमके काय? हार्मोनिअममध्ये हवा पितळी पट्टीला कंप देते. सिंथेसायझरमध्ये पट्टीही नाही आणि हवाही नाही. तिथे ऑसिलेटर नावाचे मंडल विद्युतदाबालाच ठरावीक वेगाने वरखाली करते. हा कच्चा ध्वनी करवतीच्या दात्यांसारखा कर्कश असतो. मग फिल्टर त्यातील नको ते वरचे अंश कापून टाकतो. पाथरवट दगडातला जादा भाग काढून मूर्ती घडवतो, तसेच हे काम. शेवटी एन्व्हलप नावाची योजना ठरवते, की स्वर झटकन उमटावा की हळूहळू फुलावा, लगेच विरावा की रेंगाळावा. हे सारे ठरवायचे बटणे फिरवून आणि पट्ट्या सरकवून. त्यालाच सिंथेसायझरचे ‘प्रोग्रॅमिंग’ म्हणतात.

७/
असे यंत्र बाळगणे म्हणजे एक व्रतच. जुन्या अ‍ॅनालॉग मंडलांचा स्वर तापमानाप्रमाणे सरकतो. यंत्र सुरू केल्यावर त्याला तापू द्यावे लागते, नंतरच सूर स्थिरावतो. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा हवेत सकाळी जुळवलेला षड्ज दुपारी तिथेच सापडेल याची खात्री देता येत नाही. सरकपट्ट्यांत धूळ बसते आणि आवाजात खरखर येते. कपॅसिटर म्हातारे होतात. तंबोरा उन्हाळ्या-पावसाळ्यात उतरतो हे आपल्या गायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. विजेचे वाद्यही हवामानाला तितकेच बांधलेले असते, ही गोष्ट मात्र पुष्कळांना आश्चर्याची वाटते.

८/
चरणजित सिंग यांच्याकडील पहिले यंत्र ज्युपिटर-८. रोलँडने ते १९८१ मध्ये बाजारात आणले. एका वेळी आठ स्वर आणि प्रत्येक स्वरामागे दोन याप्रमाणे सोळा ऑसिलेटर. सरकणारा सूर आपोआप जुळवून घेण्यासाठी त्यावर खास बटण होते. जमवलेला आवाज स्मृतीत साठवण्याची सोयही होती. तत्पूर्वीच्या पुष्कळ सिंथेसायझरांवर बटणांच्या जागा वहीत लिहून ठेवाव्या लागत. यंत्र महागडे होते. आयातीवर कडक निर्बंध आणि जबर जकात असलेल्या त्या काळात भारतीय वादकांना अशी यंत्रे परदेशातूनच मिळवावी लागत. सिंग यांनी आपली यंत्रे सिंगापूरमध्ये घेतली होती.

९/
दुसरे यंत्र टीआर-८०८, सन १९८०. हे तालयंत्र. यातला ढोल खऱ्या ढोलाचे ध्वनिमुद्रण नव्हते. प्रत्येक ठोका विद्युतमंडलात त्या क्षणी जन्म घेई. झांजेच्या सळसळीसाठी रोलँडने मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर निवडून वापरले होते, असे सांगितले जाते. पुढे अर्धवाहकांचे उत्पादन इतके सुधारले की सदोष माल मिळेनासा झाला आणि १९८३ मध्ये यंत्रच बंद झाले. तोवर सुमारे १२,००० नग निघाले होते. खऱ्या ढोलाशी साम्य नाही म्हणून त्या काळी हिणवले गेलेले हेच यंत्र पुढे हिपहॉपचा पाया बनले.

१०/
तिसरे यंत्र सर्वांत लहान आणि सर्वांत विलक्षण : टीबी-३०३. एकट्याने गिटारचा सराव करणाऱ्याला बेसची साथ मिळावी, हा त्याचा हेतू. रचनाकार तादाओ किकुमोतो. आवाज मात्र बेस गिटारसारखा मुळीच नव्हता. त्यात एक चिकट, चिवचिवणारी, ओलसर लय होती. ग्राहकांनी पाठ फिरवली. सुमारे १०,००० नग काढून १९८४ मध्ये उत्पादन थांबले आणि ही यंत्रे जुन्या बाजारात कवडीमोलाने विकली जाऊ लागली. बॅटऱ्या उतरल्या की आत साठवलेल्या सुरावटीही बिघडत किंवा नाहीशा होत. अपयशी मालाचा हा नमुना होता.

११/
आता पुन्हा मागाकडे. जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास फ्रान्समधील ल्याँ शहरात जी रचना सिद्ध केली, तीच पुढे सोलापूरच्या चादरीपर्यंत पोहोचली. १८७७ साली सुरू झालेल्या ‘जुन्या गिरणी’मुळे आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांमुळे हे शहर वस्त्रनगरी झाले. जॅकार्डच्या कामात कलावंताचा खरा विचार माग सुरू होण्यापूर्वीच संपलेला असतो. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरते, एकेक चौकोन म्हणजे एकेक निर्णय, आणि त्यानुसार कार्डांना भोके पडतात. मग माग फक्त आज्ञा पाळतो.

१२/
टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रेही तशीच चालतात. एका आकृतिबंधात सोळा पायऱ्या. तालयंत्रावर सोळा बटणे; जे दाबावे तिथे ठोका पडतो, जे सोडावे तिथे शांतता. टीबी-३०३ वर तर काम आणखी किचकट : आधी केवळ स्वर ओळीने भरायचे, नंतर वेगळ्या फेरीत त्यांचे काळ भरायचे. म्हणजे ‘काय वाजेल’ आणि ‘केव्हा वाजेल’ हे दोन निर्णय अलग होतात. भरताना सुरावट कानाला नीट ऐकूही येत नाही. ती मनात धरून ठेवावी लागते. दोन्ही यंत्रे एका तारेने जोडली की त्यांची पावले जुळतात. सिंग यांनी घरी बसून या तीनही यंत्रांचा मेळ जमवला.

१३/
सोळा हा आकडा वाचताच तीनताल आठवणे साहजिक आहे. तीनतालात सोळा मात्रा, चार-चारचे चार विभाग. टीआर-८०८ वर सोळा बटणे, चार-चारची चार रंगांत. साम्य मोहक आहे, पण ते आकड्यापुरतेच. तीनतालात नवव्या मात्रेवर खाली येते. तिथे डग्ग्याचा भार निघून जातो आणि गायकाला सम जवळ येत असल्याची चाहूल लागते. डिस्कोच्या ठोक्यात खाली नाही. प्रत्येक ठोका सारख्याच वजनाचा. आवर्तन आहे, पण समेची ओढ नाही. रागाला डिस्कोवर बसवताना सर्वांत मोठी तडजोड स्वरांत झाली असे वाटते. वस्तुतः ती तालात झाली.

१४/
तरीही स्वरांचा प्रश्न होताच, आणि तो महाराष्ट्राला अपरिचित नव्हता. हार्मोनिअमच्या बारा समान स्वरांत श्रुती बसत नाहीत, म्हणून सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी श्रुतींचे गणित मांडले. इंग्रज अधिकारी ई. क्लेमेंट्स यांच्या सहकार्याने बावीस श्रुतींची हार्मोनिअम लंडनमध्ये तयार करवण्यात आली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून मोठा वाद झाला. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनिअमवर बंदी घातली आणि ती काही दशके टिकली. यंत्राचा स्वर रागाला पुरतो का, हा वाद सिंथेसायझरच्या कितीतरी आधीचा आहे.

१५/
या बाबतीत सिंथेसायझर हार्मोनिअमहून एका पावलाने पुढे होता. हार्मोनिअमच्या दोन पट्ट्यांमधली जागा रिकामी असते. तिथे मींड काढता येत नाही. ज्युपिटर-८ वर एका स्वरातून दुसऱ्या स्वरात घसरत जाण्याची सोय आहे आणि स्वर वाकवण्यासाठी दांडाही आहे. टीबी-३०३ च्या प्रत्येक पायरीवरही ‘स्लाइड’ लावता येते. मुद्रिका ऐकताना वरच्या सुरावटीत हवाईयन गिटार वाजवणाऱ्या हाताची सवय स्पष्ट जाणवते. मात्र टीबी-३०३ ची घसरण प्रत्येक वेळी सारख्याच काळात पूर्ण होते. मींडेत कुठे रेंगाळायचे हे गायक ठरवतो. इथे ते मंडलाने आधीच ठरवलेले असते.

१६/
खर्जाच्या ओळीत तर शास्त्राचीच कसोटी लागते. पाश्चात्त्य डिस्कोचा बेस प्रामुख्याने षड्ज आणि पंचमावर उभा राहतो. पण मालकंसात पंचम वर्ज्य आहे, ललितातही पंचम नाही. तिथे डिस्कोची तयार ओळ उचलून लावली तर राग पहिल्याच आवर्तनात मोडतो. म्हणजे प्रत्येक रागासाठी सोळा पायऱ्यांची नक्षी नव्याने बसवणे अटळ होते. ललितात शुद्ध आणि तीव्र मध्यम लागोपाठ येतात, भूपालीत मध्यम-निषाद मुळीच नाहीत. दहा राग म्हणजे दहा निराळ्या कार्डमाळा. या मुद्रिकेतील परिश्रम इथे आहेत, आणि ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाहीत.

१७/
मग हा खटाटोप कशासाठी? सिंग यांनी नंतर मुलाखतींत दिलेले उत्तर अगदी साधे होते. त्या काळी चित्रपटांत डिस्कोची लाट होती; राग घ्यावेत, तबला बाजूला ठेवावा आणि डिस्कोचा ठेका लावून पाहावा, असे त्यांना वाटले. १९८० चा ‘कुर्बानी’, १९८१ चे नाझिया हसनचे ‘डिस्को दीवाने’ आणि १९८२ चा ‘डिस्को डान्सर’ ही नावे आठवली की त्या लाटेचा जोर कळतो. पण श्रोत्याला डिस्को हवा होता तो गायकाच्या आवाजात आणि नटाच्या पावलांत. शब्दाविना, चेहऱ्याविना चालणारा हा प्रयोग रागप्रेमींना उथळ वाटण्याचा आणि डिस्कोप्रेमींना परका वाटण्याचा संभव होता. तो दोहोंच्या मधे पडला.

१८/
आता दृश्य बदलते : शिकागो. तिथल्या काही तरुणांनी जुन्या बाजारातून स्वस्तात टीबी-३०३ मिळवले आणि सुरावट चालू असतानाच फिल्टरची बटणे पिळत राहिले. ‘फ्यूचर’ या त्यांच्या गटाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही मुद्रिका १९८७ मध्ये निघाली आणि ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचा प्रकार जन्माला आला. पाहता पाहता तो इंग्लंडमध्ये पोहोचला आणि एका पिढीचे संगीत झाला. अपयशी ठरलेले टीबी-३०३ आता सोन्याच्या भावाने विकले जाऊ लागले. मुंबईत मात्र त्याच यंत्रावर पाच वर्षे आधी झालेले काम कुणाच्या स्मरणातही नव्हते.

१९/
२००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीच्या एका दुकानात ही तबकडी मिळाली. ती ऐकून तो चकित झाला, कारण कानावर पडत होते ते जणू अ‍ॅसिड हाउसच, आणि वर छापलेले साल होते त्याच्या जन्माच्याही आधीचे. त्याने मुंबईत चरणजित सिंग यांना शोधून काढले आणि २०१० मध्ये मुद्रिका नव्याने प्रसिद्ध केली. लगेच शंका उठली : ही बनावट तर नाही? कुणी आधुनिक संगीतकार जुने वेष्टन चढवून थट्टा तर करीत नाही? संशयाचे कारण उघड होते. इतिहासाच्या प्रस्थापित क्रमात या वस्तूला जागाच नव्हती.

२०/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबून पुरावा तपासावा. मूळ एचएमव्ही तबकड्या संग्राहकांकडे आहेत. तीनही यंत्रे १९८० ते १९८२ दरम्यान बाजारात आलेली होती, त्यामुळे कालविसंगती नाही. वादक हयात होते आणि आपल्या हाताने तेच पुन्हा वाजवून दाखवत होते. बनावटीचा आरोप टिकत नाही. परंतु दुसऱ्या टोकाचा दावाही, म्हणजे ‘अ‍ॅसिड हाउस भारतात जन्मला’ हा, जपूनच करावा लागतो. शिकागोच्या तरुणांनी ही मुद्रिका ऐकली होती याचा कोणताही पुरावा नाही. आधी घडणे निराळे आणि कारण होणे निराळे.

२१/
मग सारखेपणा आला कुठून? यंत्रातून. सोळा पायऱ्या, एक स्लाइड, एक फिल्टर : या मर्यादांत कुणीही मन लावून काम केले, तर काही वळणे दोघांनाही सापडणारच. एकाच जातीच्या मागावर दोन दूरच्या गावांत विणलेल्या नक्षींत घराण्याचे साम्य दिसावे, तसेच हे. फरकही तितकाच बोलका आहे. शिकागोच्या तरुणांनी सुरावट तशीच ठेवून आवाज पिळला. चरणजित सिंग यांनी आवाज स्थिर ठेवून रागाची बढत केली. एकाला यंत्राचा पोत हवा होता, दुसऱ्याला यंत्राकडून राग हवा होता. ‘पहिला कोण’ या प्रश्नात हा फरक बुडून जातो.

२२/
उतारवयात चरणजित सिंग यांना युरोपात कार्यक्रमांची बोलावणी आली. ज्या तरुणांच्या आईवडिलांनी अ‍ॅसिड हाउसवर पावले थिरकवली, ते सत्तरीच्या एका शीख वादकापुढे नाचले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांनी स्वतःला कोणत्याही शैलीचा जनक म्हणवून घेतले नव्हते. त्यांच्या पिढीतील बहुतेक वादकांची नावे तबकडीवर कधीच छापली गेली नाहीत. त्यांचे नाव मात्र एका मुद्रिकेच्या वेष्टनावर होते आणि म्हणूनच एका परक्या माणसाला वीस वर्षांनी त्यांचा दरवाजा ठोठावता आला. घरातल्या जुन्या तबकड्या रद्दीत देण्यापूर्वी त्यांच्या मागची बारीक अक्षरे एकदा वाचावीत, इतके तरी या कथेतून घेण्यासारखे आहे.

#संगीताचा_इतिहास #सोलापूर